स्मूथ जॅझला जॅझ म्हणायचं की नाही? (बैठकीची यादी अडली आहे)

तापीकाठचा | जळगाव | धागाकर्ता

जळगावात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून रेकॉर्डी ऐकतो. एकाच्या गच्चीवरची खोली, बरे स्पीकर, मध्ये चहा आणि भजी. ख्याल झाला, ठुमरी झाली, गझल झाली, एकदा रात्रभर कव्वाली झाली. पुढची बैठक जॅझची ठरली आणि घोडं अडलं. यादी करताना एकाने सॅक्सोफोनवाला केनी जी लिहिला. दुसऱ्याने खोडला. पहिल्याने परत लिहिला. आता दोघं एकमेकांच्या गुड मॉर्निंगलाही उत्तर देत नाहीत.

खोडणारा म्हणतो, हे दंतवैद्याच्या वेटिंग रूममधलं संगीत, ते त्याने तिथेच ऐकावं. लिहिणारा म्हणतो, सॅक्सोफोन आहे, सूर गोड आहे, जगभर जॅझच्या कप्प्यात ठेवून विकलं गेलंय, मग तुम्ही कोण हाकलणारे?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरची १९८० ची 'वाइनलाइट' ही रेकॉर्ड मी कितीही वेळा ऐकू शकतो. केनी जी मला दुसऱ्या गाण्यानंतर जड होतो. पण दोघांच्या कपाळावर शिक्का एकच, 'स्मूथ जॅझ', म्हणजे मऊ, गुळगुळीत जॅझ. म्हणजे एकतर शिक्क्यात गडबड आहे नाहीतर माझ्या कानात.

अट एकच. "ज्याची त्याची आवड" असं लिहून धागा मारू नये.

पांझरा | धुळे

नाही. ते जॅझ नाही. धागा संपला. :)

आता सविस्तर. वाजवणारे एकमेकांचं ऐकतात आणि ऐकून त्याच क्षणी काहीतरी करतात, हा जॅझचा कणा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. वादकांपुढे पूर्ण लिहिलेलं संगीत नव्हतं, आराखडे होते. पुढच्या मिनिटाला काय होणार हे स्टुडिओत कुणालाच माहीत नव्हतं, आणि आज ऐकतानाही ते जाणवतं.

याउलट स्मूथ जॅझच्या नावाने जे पोत्याने विकलं गेलं त्यातलं सरासरी गाणं घ्या. ताल बऱ्याचदा यंत्राचा, नाहीतर यंत्रासारखा वाजवलेला. कीबोर्डचे थर आधीच भरून ठेवलेले. सोलोवाला, म्हणजे एकटा पुढे वाजवणारा, सगळ्यात शेवटी येतो, कानाला हेडफोन लावतो, वाजवतो, जातो. त्याने काही भलतंच वाजवलं तर दचकायला तिथे माणूस नाही. मग तो भलतं वाजवेल कशाला?

आणि १९९९ विसरू नका. लुई आर्मस्ट्राँगने १९६७ मध्ये गायलेलं गाणं घेऊन केनी जी ने त्यावर आपला सॅक्स चढवला. आर्मस्ट्राँग १९७१ मध्येच गेलेले. हो-नाही म्हणायला ते नव्हते. त्यावर २००० साली गिटारवादक पॅट मेथेनी असा काही भडकला की त्याचं ते लिखाण आजही फिरतं. एरवी सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्याने काही शिल्लक ठेवलं नाही.

नोकरीनिमित्त मुंबईत असताना मी रंगभवनात बसून जॅझ यात्रा हा महोत्सव ऐकलेला आहे. ज्याने तो आवाज समोरासमोर ऐकलाय त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

कळणा_भाकर | अमळनेर

माले तं दोन्ही सारखाच वाटतस भो. पोंगा तोच, फुंक तीच.

पांझरा काका, एक विचारतो. शेवभाजीवरची तर्री काढून पुण्याच्या पाहुण्याला वाढली, तर ती शेवभाजी राहते की नाही?

पांझरा | धुळे

राहत नाही. आणि असा पाहुणा घरी आणू नये.

सातपुड्याची_सावली | शहादा

"दंतवैद्याच्या वेटिंग रूममधलं संगीत." वा. मी दंतवैद्य आहे. माझ्या वेटिंग रूममध्ये हेच लागतं आणि पुढेही लागेल. आत ड्रिल चालू असताना बाहेर बसलेल्या माणसाला सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचे शेवटच्या वर्षांतले वादळी सोलो ऐकवून बघा, अर्धे पेशंट एसटी स्टँड गाठतील.

पण चेष्टा बाजूला. "मागे वाजत राहणारं" म्हणजे हलकं, हे कुणी ठरवलं? १९३० च्या दशकातला स्विंग हे नाचाचं संगीत होतं. लोक हनुवटीला हात लावून ऐकत नव्हते, घाम गाळत होते. स्विंगवाल्या बेनी गुडमनने जानेवारी १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला त्याची एवढी चर्चा का झाली? तर हे संगीत खुर्चीत बसून ऐकायचं असतं, हीच तेव्हा नवलाई होती. नाचायला वापरलेलं जॅझ चालतं, मग विसाव्याला वापरलेलं का नाही?

दुसरं असं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच कुरळ्या केसांचा माणूस येतो. अमेरिकेत हे संगीत ज्यांनी वाढवलं त्यात कृष्णवर्णीय मध्यमवर्ग फार मोठा होता. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर १९७६ मध्ये 'क्वाएट स्टॉर्म' नावाचा रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसांसाठी संथ, मऊ गाणी. त्याची नक्कल देशभर झाली. ग्रोव्हर वॉशिंग्टन, जॉर्ज बेन्सन, नजी हे वादक त्या घरांमधलेच. त्या घरांनी शनिवारी रात्री काय ऐकावं हे समीक्षकांना विचारून ठरवलं नाही. केनी जी चा राग काढताना आपण त्या सगळ्यांना बाहेर काढतोय, याचं कुणाला काही वाटतं का?

आणि आर्मस्ट्राँगचं म्हणाल, तर १९९१ मध्ये गायिका नॅटली कोलने दिवंगत वडिलांच्या आवाजासोबत स्वतःचा आवाज जोडला, तेव्हा ग्रॅमी दिलं. तंत्र तेच होतं.

पांझरा | धुळे

डॉक्टरताई, ती मुलगी होती. गाणं घरातलं होतं. हा परका माणूस भिंतीवर चढून आत आला.

सातपुड्याची_सावली | शहादा

म्हणजे आक्षेप हक्काचा आहे, संगीताचा नाही. मग तसं म्हणा.

सहा_तारा | जळगाव

मी इंजिनियरिंगला आहे, गिटार वाजवतो, इथे सगळ्यात लहान असेन. पण या प्रकाराचं मूळ गिटारमध्ये सापडतं म्हणून लिहितो.

वेस माँटगोमेरी. पिक (तारा छेडायची पट्टी) न वापरता अंगठ्याने वाजवायचा. १९६५ मध्ये विंटन केली ट्रिओबरोबर त्याने केलेली 'स्मोकिन ॲट द हाफ नोट' ऐका. पांझरा काकांना हवं ते सगळं त्यात आहे. पियानो त्याला ढकलतो, तो परत ढकलतो, मागून जिमी कॉबचा ड्रम. (हा तोच ड्रमर, जो 'काइंड ऑफ ब्लू' वर होता.) आधी एकेका सुराची ओळ, मग ऑक्टेव्ह (तोच सूर दोन सप्तकांत एकदम), मग अख्खे कॉर्ड (अनेक सूर एकत्र), अशी त्याची चढती भाजणी असते.

दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, निर्माता क्रीड टेलरबरोबर त्याने 'अ डे इन द लाइफ' केली. लोकांना माहीत असलेली पॉप गाणी, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि वेस जवळपास फक्त ऑक्टेव्हमध्ये धून वाजवतोय. तुफान खपली. समीक्षकांनी कपाळावर हात मारला. १९६८ मध्ये वेस गेला, पंचेचाळिशीत. पण साचा तयार झाला होता. ओळखीची धून, मखमली वाद्यवृंद आणि त्यावर एक दिग्गज, जो हात राखून वाजवतोय.

आता गंमत बघा. माणूस तोच, अंगठा तोच, गिटार तसंच. मग १९६५ चं जॅझ आणि १९६७ चं नाही? असेल तर मधल्या दोन वर्षांत गेलं काय? माझ्या मते बाकीचे गेले. व्हायोलिनं त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्या मागे उभी आहेत.

याच रांगेत जॉर्ज बेन्सन. १९७६ ची 'ब्रीझिन'. तिच्यातलं 'धिस मास्करेड' अल्बमवर आठ मिनिटांचं आहे, बेन्सन गिटारच्या प्रत्येक सुराबरोबर तोच सूर तोंडानेही गातो. रेडिओसाठी जे सिंगल काढलं ते याच्या निम्म्याहून कमी. कापलं काय, तर नेमकं तेच. मग दोष बेन्सनचा की कात्रीचा?

तापीकाठचा | जळगाव

कात्रीवाल्यावर कुणाला जास्त माहिती असेल तर लिहा. मला वाटतं खरी गोष्ट तिथे आहे.

सा_रे_गिरणा | चाळीसगाव

मी लिहितो. गायन शिकवतो, जॅझ उशिरा ऐकायला लागलो, पण रेडिओ हा माझा जुना आजार आहे.

'स्मूथ जॅझ' ही मुळात रेडिओची व्यवस्था आहे. वादकांनी काढलेलं ते घराणं नाही. लॉस एंजेलिसमधलं एक जुनं रॉक केंद्र फेब्रुवारी १९८७ मध्ये बंद करून त्याच जागी 'द वेव्ह' सुरू झालं. धंद्याचा हिशोब साधा होता. रॉक ऐकून मोठे झालेले लोक आता पस्तिशी-चाळिशीत, हातात पैसा, ऑफिसात दिवसभर काहीतरी मऊ लावून ठेवायची इच्छा. शिकागो, न्यूयॉर्क, मोठ्या शहरांत अशी केंद्रं निघाली.

मग आले सल्लागार. लोकांना एका सभागृहात बसवायचं, हातात एक गोल बटण द्यायचं, गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवायचे. आवडलं की बटण वर, नावडलं की खाली. शंभर माणसांची सरासरी काढली की ज्या तुकड्याला कुणीच खाली नेलं नाही तो जिंकतो. लक्षात घ्या, सगळ्यात जास्त आवडलेला जिंकेलच असं नाही, कुणालाच न खुपलेला जिंकतो. लांब सोलो आला की बटण खाली. ढोल अचानक वाढला की खाली. मग वादकही शहाणे झाले, असं वाजवायला लागले की बटण हलूच नये.

आता आपल्याकडे बघा. केसकर आठवतात? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. लोकांना शास्त्रीय ऐकवून सुधारायचं होतं. लोक सुधारले नाहीत, रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. हार्मोनियमवर तर १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर बंदी होती, आणि बाहेर त्याच पेटीवर मोठमोठे गवई गात होते.

आपल्या रेडिओने गोड म्हणून हाकललं, अमेरिकेतल्या रेडिओने गोड नाही म्हणून हाकललं. दोन्हीकडे संगीत काय आहे हे रेडिओने ठरवलं. म्हणून मला हा 'खरं जॅझ' प्रकार ऐकला की केसकर दिसायला लागतात. पांझरा साहेब, राग मानू नका.

पांझरा | धुळे

राग नाही, पण केसकरांशी तुलना सहन होणार नाही. मी कुणाचं गाणं बंद करा म्हणत नाही. त्या केंद्रांनी वाजवावं, डॉक्टरताईंनी लावावं. फक्त पाटी दुसरी लावा.

सातपुड्याची_सावली | शहादा

ती केंद्रं राहिलीत कुठे? हे सर्वांनी गृहीत धरलंय की स्मूथ जॅझ जिंकलं. ते रेडिओवर मेलंय. आधी श्रोता काय ऐकलं ते डायरीत लिहून द्यायचा. "ऑफिसात दिवसभर स्मूथ जॅझ" असं लिहायला काय जातं. २००७-०८ च्या सुमारास अंगावर बाळगायचं मोजणी यंत्र आलं, कानावर खरंच कोणतं केंद्र पडतंय ते नोंदवणारं. आकडे घसरले. न्यूयॉर्कचं केंद्र २००८ मध्ये गेलं, शिकागोचं २००९ मध्ये.

कळणा_भाकर | अमळनेर

म्हणजे कुणीच न ऐकता वाजत राहिलेलं संगीत. आमच्या सराफाच्या दुकानात असंच वाजतं. बायको हार बघते, मी आकडा बघतो, सॅक्सोफोन कुणी बघत नाही.

भुसावळ_जंक्शन | भुसावळ

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. रेल्वेतून निवृत्त आहे. लहानपणी नाताळच्या आठवड्यात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, नाच असायचा. आम्ही पोरं खिडकीला लटकून बघायचो. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या मंडळी, आणि मुंबईहून गाडीने आलेला बँड. त्यात गोव्याचे वाजवणारे. तेव्हा ते जॅझ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, 'इंग्लिश बँड' म्हणायचे.

याच मंडळींचे भाऊबंद मुंबईत हॉटेलांत नाचाला वाजवायचे आणि स्टुडिओत सिनेमाला. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा. आपल्या हिंदी गाण्यांतले ब्रासचे ठोके आणि मधले वाद्यमेळ यांच्या हातून आले. आता सांगा, हॉटेलात वाजवलेलं जॅझ आणि सिनेमात वाजवलेलं नाही? पोटासाठी दोन्ही. पांझरा, तुमच्या नियमाने यातल्या प्रत्येकाची अर्धी हयात खोडावी लागेल.

शिवाय बाटवण्याचा आरोप काही नवा नाही. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९४९ मध्ये व्हायोलिनांबरोबर वाजवलं तेव्हा विकला गेला म्हणाले. त्याच्या आधी तो बीबॉप, म्हणजे वेगवान, अवघड जॅझ, वाजवत होता तेव्हा खुद्द आर्मस्ट्राँग बीबॉपवर नाराज होते. माइल्सने १९७० मध्ये 'बिचेस ब्रू' आणली तेव्हाही तेच, आणि १९८५ मध्ये रेडिओवरची पॉप गाणी वाजवली तेव्हाही तेच.

पांझरा | धुळे

भुसावळकर, हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकलाय आणि तो अर्धाच आहे. "आधी शिव्या खाल्ल्या, नंतर मान मिळाला, म्हणून आता जे शिव्या खातंय त्यालाही उद्या मान मिळेल" हे कुठलं गणित? शिव्या खाल्लेलं बरंचसं खरोखर टाकाऊच होतं, ते आपल्याला आठवत नाही एवढंच. पार्करच्या मागे व्हायोलिनं होती, पण पुढे पार्कर होता. मऊ गादीवर बसूनही त्याच्या ओळी टोकदारच राहिल्या. 'बिचेस ब्रू' तर लोकांना खुपली म्हणून बोलणी खात होती. सा_रे_गिरणांच्या बटणावर ती कधीच खाली गेली असती.

पॉप धून वाजवली म्हणून मी कुणाला हाकलत नाही. कोल्ट्रेनने १९६० मध्ये एका नाटकातलं गोग्गोड वॉल्ट्झ उचललं, सोप्रानो (उंच सुराच्या) सॅक्सवर, म्हणजे केनी जी च्याच वाद्यावर, आणि जवळपास चौदा मिनिटं दोन कॉर्डांवर अख्खा चौक उभा केला. धून गोड असणं हा गुन्हा नाही. तिथेच पथारी टाकून बसणं हा आहे.

सहा_तारा | जळगाव

काका, हे आवडलं. पण मग तुमचा नियम 'स्मूथ जॅझ जॅझ नाही' असा राहत नाही, एकेक रेकॉर्ड बघावी लागेल.

'वाइनलाइट'च घ्या. बासवर मार्कस मिलर, ड्रमवर स्टीव्ह गॅड, गिटारवर एरिक गेल, कीबोर्डवर रिचर्ड टी. ही माणसं यंत्रासारखी वाजवूच शकत नाहीत. गॅडचा ड्रम हळू आहे पण जिवंत आहे, ग्रोव्हर श्वास घेतो तिथे तो जागा सोडतो. आणि हाच मार्कस मिलर पुढे १९८६ मध्ये माइल्सची 'टुटू' घडवतो. 'टुटू'त सिंथेसायझर आणि ड्रम मशीनचे थर आधी, माइल्स नंतर. म्हणजे तुमचा हेडफोनवाला आरोप माइल्सलाही लागतो!

पांझरा | धुळे

'टुटू' माझ्या घरात नाही.

सहा_तारा | जळगाव

:D

बँडमास्तरचा_पोऱ्या | पारोळा

तीन दिवसांपासून वाचतोय. लिहू की नको होत होतं, कारण इथे सगळे रेकॉर्डींवर बोलू ऱ्हायले आणि आमच्या घरात वाद्य आहे, रेकॉर्डी नाहीत.

बाप लग्नात बँड वाजवायचा. आधी क्लॅरिनेट, मग आल्टो सॅक्स. खान्देशातल्या बँडबद्दल बाहेरच्यांना सांगावं लागतं. वरातीत वाजवतो तो एक भाग. खरा कार्यक्रम हळदीच्या रात्री, मांडवात बसून. लोक फर्माईश करतात, नोट सॅक्सच्या तोंडाला लावतात, मास्तर गाणं उचलतो. मुखडा जसाच्या तसा द्यायचा, नाहीतर लोक उठतात. पण दुसऱ्या कडव्यानंतर मास्तर सुटतो. कुठून कुठे जाईल नेम नाही. साइड ड्रमवाला त्याच्या खांद्याकडे बघत असतो, खांदा खाली गेला की तिहाई. ट्रम्पेटवाला मध्येच तोडतो, मास्तर त्याचीच ओळ त्याच्यावर उलटवतो. मांडवातले म्हातारे मान हलवतात. हे मी पोरपणी पेट्रोमॅक्स धरून बघितलंय. नोटेशन म्हणून कागद नव्हताच कुठे.

मागच्या आठवड्यात या धाग्यामुळे बापाला मोबाइलवर तिघं ऐकवले. नावं सांगितली नाहीत.

पहिला केनी जी. बाप शांत ऐकला. म्हणे सूर स्वच्छ शे, दम मोठा शे. सोप्रानो सुरात ठेवणं सोपं नसतं, हे तुम्हाला वाजवल्याशिवाय कळणार नाही, जरा ओठ सैल झाला की सूर चढतो नाहीतर उतरतो. मग म्हणाला, "पण हा ढोलवाल्याकडे एकदाही पाहत नाही." मी सांगितलं की ढोलवाला कदाचित तिथे नसेलच. तर म्हणाला, मग त्याला पैसे एकट्यालाच मिळाले असतील.

केनी जी ने १९९७ मध्ये एकच सूर पंचेचाळीस मिनिटांवर धरला होता, गिनेसवाल्यांनी नोंद केली, तेही सांगितलं. गालात हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही. बाप म्हणे नवापूरकडं पावरी (आदिवासींचं फुंकवाद्य) वाजवणारे रात्रभर वाजवतस, त्यांना कुणी घड्याळ लावलं?

दुसरा कोल्ट्रेन. पांझरा काकांनी वर सांगितलेलं चौदा मिनिटांचं. बापाने पाचव्या मिनिटाला विचारलं, "हा मुखड्यावर येणार आहे का?" आला तेव्हा हसला. पूर्ण ऐकलं, पण म्हणाला हा मांडवात चालणार नाही, याला ऐकायला वेगळी माणसं बोलवावी लागतील.

तिसरा डेव्हिड सॅनबॉर्न. आल्टो, बापाचंच वाद्य. हा माणूस लहानपणी पोलिओ झाला म्हणून छाती सुधारायला सॅक्स वाजवायला लागला, २०२४ मध्ये गेला. रेडिओवाल्यांनी त्याला स्मूथ जॅझमध्ये टाकलं, त्याला स्वतःला तो शिक्का पटत नव्हता. त्याच्या टीव्ही कार्यक्रमात तो सनी रोलिन्स आणि सन रा यांच्यासारख्या जॅझच्या दिग्गजांना बोलवायचा. बापाने वीस सेकंदांत मोबाइल हातातून घेतला, कानाला लावला. आवाज असा चिरका, रडका, टोकाला फाटणारा. "याला मी बँडमध्ये घेतला असता." परत लावायला सांगितलं. परत.

म्हणून विचारतो, तिघांतला स्मूथ जॅझवाला कोणता? रेडिओच्या मते पहिला आणि तिसरा. बापाच्या कानाला तिसरा आणि दुसरा एका घरातले आणि पहिला पाहुणा.

सा_रे_गिरणा | चाळीसगाव

पोऱ्या, लेका, हे आधी का नाही लिहिलंस? वडिलांना साष्टांग नमस्कार सांग.

सातपुड्याची_सावली | शहादा

फार छान. तरी एक म्हणते. वडिलांनी "सूर स्वच्छ, दम मोठा" हेही म्हटलं, ते सोडून देऊ नका. ही दाद वाजवणाऱ्याने दिलेली आहे. इथल्या कित्येकांनी तेवढीही दिली नाही. आणि चीनमध्ये कित्येक वर्षं दुकानं बंद होताना केनी जी चीच 'गोइंग होम' लागते, लोक ती ऐकून घरी निघतात. करोडो माणसांच्या दिवसाचा शेवट ज्या धुनेवर होतो तिला मी तरी कचरा म्हणणार नाही. जॅझ म्हणू नका हवं तर. 'टुटू'ही नाही, 'अ डे इन द लाइफ'ही नाही, मग तुमचं घर लहान होत जाईल आणि त्यात तुम्ही एकटेच बसाल.

पांझरा | धुळे

घर लहान असलं तरी चालेल, आवाज घुमला पाहिजे.

बरं, पोऱ्याच्या वडिलांपुढे माझं काही चालणार नाही. "ढोलवाल्याकडे पाहत नाही" हे मी चार परिच्छेदांत सांगायला बघत होतो. सॅनबॉर्न घ्या, वेसची दोन्ही घ्या, एकापाठोपाठ, म्हणजे लोकांना फरक कळेल. 'वाइनलाइट' घ्या. केनी जी ला माझा विरोध कायम आहे.

भुसावळ_जंक्शन | भुसावळ

केनी जी एक तरी घ्याच. विरोध करायला समोर लागतो. नाहीतर कोल्ट्रेनचं सोप्रानो आणि याचं सोप्रानो यात काय झालं हे नवीन माणसाला कळणार कसं?

तापीकाठचा | जळगाव

यादी अशी करतोय. माँटगोमेरी १९६५, लगेच माँटगोमेरी १९६७. मग बेन्सन. मग कोल्ट्रेन आणि केनी जी, दोन्ही सोप्रानो, नावं न सांगता. मग 'वाइनलाइट', शेवटी सॅनबॉर्न. पाटीवर फक्त 'सॅक्सोफोन आणि गिटार' लिहितो, जॅझ शब्दच घालत नाही. खोडणारा आणि लिहिणारा दोघंही यायला तयार आहेत, अट ही की शेजारी बसवू नये.

पोऱ्या, वडील येतील का? आल्टो घेऊन आले तर यादी अर्ध्यावर सोडून देऊ.

बँडमास्तरचा_पोऱ्या | पारोळा

विचारलं. म्हणे येतो, पण एकटा नाही, साइड ड्रमवाला सोबत लागेल. त्याचं जाण्यायेण्याचं भाडं द्या. आणि रीड (सॅक्सच्या तोंडाची पातळ पट्टी) नवी लागेल, जुनीचं टोक गेलंय, जळगावात मिळाली तर घेऊन ठेवा, आल्टोची, अडीच नंबर.

कळणा_भाकर | अमळनेर

मी ड्रमवाल्याचं भाडं देतो. मले पुढं बसाले जागा ठेवा.

पांझरा | धुळे

मीही येतोय, धुळ्याहून दुपारची एसटी. एकच विनंती. बेन्सनचं 'धिस मास्करेड' पूर्ण आठ मिनिटांचं लावा. रेडिओवालं तोडकं लावलंत तर ते संपेपर्यंत मी जिन्यात उभा राहीन.